दुसऱ्या कार्डाची जागा

बीडला कोचिंग क्लासेसच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून द्वारकाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. एकाच शटरचं. आत एक काचेचं काउंटर, मागं उघडी कॅबिनेटं आणि वायरींचे वेटोळे. क्लास सुटला की पोरं तिथं गर्दी करतात. कुणाला जुन्या मशीनवर नवा गेम चालवायचा असतो, कुणाला नुसतंच नवीन ग्राफिक्स कार्ड हातात धरून बघायचं असतं.

द्वारका ऊसतोडीच्या घरातली. आई बायडाबाई आणि वडील दिवाळी झाली की कारखान्याच्या पट्ट्यात जायचे, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. बहुतेक पोरं आईबापांबरोबर फडावर जायची. द्वारकाला मात्र वडिलांनी बीडला मावशीकडं ठेवलं, म्हणून तिची शाळा सुटली नाही. पुढं तिनं आयटीआय केलं, एका सायबर कॅफेत फॉर्म भरायची नोकरी धरली आणि तिथली बंद पडलेली मशीन उघडून बघता बघता दुरुस्ती शिकली. लग्न झालं ते एसटीतल्या कंडक्टरशी. शहादेव त्याचं नाव. वडील गेल्यावर आईही तिच्याकडंच राहायला आली.

गेमिंगचं मशीन बांधायचं तर बीडमध्ये द्वारकाताईकडं, असं पोरांमध्ये पसरलं होतं. त्याचं कारण साधं होतं. ती आधी कार्ड दाखवायचीच नाही. "खेळणार काय? मॉनिटर कुठला हाय? घरी लाइट किती वेळा जाते?" असं सगळं विचारून घ्यायची आणि मग त्याला झेपेल तेवढंच सुचवायची. पुढं कधी मोठं कार्ड टाकायचं असेल तर आजच एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा, थोडा दमदार घे, कॅबिनेट ऐसपैस घे, बाकीचं मागाहून होतं, असं समजावून सांगायची. पोरांचे बापसुद्धा तिचं ऐकायचे.

दसऱ्यानंतर एका सकाळी विजयसिंह तिच्या दुकानात आला. पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून तो चालत आत आला, चप्पल बाहेर काढली. द्वारकानं त्याला ओळखलं. त्याचे चुलते रामकिसन आबा म्हणजे त्या भागातले मोठे पुढारी, जमीन, ट्रक, पेट्रोलपंप, सगळं असलेले. पुतण्या पुण्यात शिकून आला होता. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. बरोबर बंकट नावाचा धिप्पाड माणूस होता. तो दारातच उभा राहिला, आणि तो उभा आहे तोवर पोरांपैकी कुणी आत आलं नाही.

"ताई, गेमिंग पीसी बांधायचाय. चांगला. पुढं वाढवता येईल असा."

"कोणते गेम खेळता?"

"सगळेच," तो हसून म्हणाला.

"मॉनिटर?"

"आहे ऑफिसचा जुना. चालेल."

द्वारकाला ते जरा खटकलं. एवढं भारी मशीन मागणारा माणूस मॉनिटरबद्दल असं बोलत नाही. तरी तिनं दोन कार्डांची माहिती स्क्रीनवर काढली. एक वेगवान, मेमरी कमी. दुसरं त्याच्यापेक्षा हळू, पण मेमरी दुप्पट. "गेमसाठी हे पहिलं घ्या," ती म्हणाली. "तुमच्या स्क्रीनवर त्या जास्तीच्या मेमरीचा काही उपयोग न्हाई."

विजयसिंहनं पहिल्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "दुसरं. आणि मदरबोर्ड असा द्या की पुढं अजून एक कार्ड शेजारी बसेल."

"दोन कार्डं आता गेमिंगला कुणीच लावत न्हाई भैय्या. गेम ती दोन्ही वापरतच न्हाईत."

"जागा तर ठेवा ताई."

"आणि काचेचं कॅबिनेट? आतले रंगीत लाइट दिसतात. पोरांना लई आवडतं."

"नको. बंद पत्र्याचं. लाइट काहीच नको."

त्यानं घासाघीस केली नाही. बिलावर नाव कुणाचं टाकायचं विचारलं तर म्हणाला, "तुमचंच टाका." द्वारकाला वाटलं गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. शेवटी तिनं त्याचंच नाव टाकलं. तो बिलाकडं बघत राहिला, आणि मग घडी करून त्यानं ते खिशात ठेवलं.

मशीन बांधून झाल्यावर ती स्वतः ते पोहोचवायला मांजरसुंब्याला गेली. हायवेवरच्या एका ढाब्याच्या माडीवर विजयसिंहचं ऑफिस होतं. खाली ट्रकांचा गोंगाट, तव्यांचा आवाज. पण माडीवरच्या खोलीचं दार लागलं तसं सगळं एकदम थांबलं. भिंतींना जाड फोम चिकटवलेला होता. खिडक्या आतून झाकलेल्या. कोपऱ्यात उभ्या स्टँडवर कॅमेरा आणि माइक.

तिनं मशीन जोडलं, चालू केलं. पंख्यांचा आवाज त्या खोलीत एखाद्या जनावराच्या श्वासासारखा वाटला.

"ताई, आता टेस्ट करू," विजयसिंह म्हणाला. "तुम्हीच बसा कॅमेऱ्यासमोर. काहीतरी बोला."

"मी काय बोलू?"

त्यानं टेबलावरचा पेपर पुढं केला. "हे वाचा. मोठ्यानं. मधूनमधून इकडं तिकडं बघा."

द्वारकानं पेपर वाचला. पावसाची बातमी वाचली, बाजारभाव वाचले, निधनाच्या बातम्यासुद्धा वाचल्या. ती थांबली की तो म्हणायचा, "अजून थोडं." मग म्हणाला, "आता हसा. आता जरा रागात बोला." बंकट दाराला टेकून उभा होता. कॅमेरा नीट चालतो की नाही हे बघायला एवढं बोलायला लागत नाही, हे तिला कळत होतं. पण त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचं तर तो म्हणेल ते करावं, असंही वाटत होतं. खाली आल्यावर ट्रकच्या भोंग्यांनी तिला बरं वाटलं.

दिवाळी झाली. गावागावांतून टोळ्या गाड्यांत बसून ऊसतोडीला गेल्या. मागं पंचायत समितीच्या निवडणुका लागल्या. तिथल्या गणात, म्हणजे मतदारसंघात, रामकिसन आबांच्या घरची सून उभी होती आणि तिच्या समोर विमलबाई. विमलबाईनं आयुष्यभर कोयता चालवला होता. फडावरच्या बायकांच्या दुखण्याखुपण्याबद्दल ती सभांमधून बोलायची, आणि बोलायला लागली की बायका रडायच्या. बायडाबाईनं तिच्याबरोबर एकाच टोळीत कितीतरी हंगाम काढले होते. "विमल म्हंजी आमच्यातली हाय," असं ती येईल त्याला सांगायची.

संक्रांतीच्या सुमाराला एक व्हिडिओ फिरायला लागला. त्यात विमलबाई कुणाशी तरी बसून बोलत होती. डोक्यावरचा पदर सारखा करत, हसत म्हणत होती, "ह्या ऊसतोडीच्या बायका म्हंजी मुकी ढोरं. एक साडी फेकली की येत्यात मागं. त्यांला काय कळतंय?"

बायडाबाईनं तो पाहिला तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली. "मुकी ढोरं? आमी मुकी ढोरं?" ती म्हणाली. "तिच्या बाळंतपणाला फडावरच्या कोपीत मी व्हते. माझ्या मांडीवर तिचं डोकं व्हतं." तिनं तसाच फोन तोंडापाशी धरला आणि विमलबाईला आवाजाचा मेसेज पाठवला. त्यात ती काय काय बोलली ते द्वारकाला ऐकवेना.

द्वारकानं दुकानात बसून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. काहीतरी चूक सापडेल म्हणून थांबवून थांबवून पाहिला. ओठ, दात, कपाळावरच्या आठ्या, सगळं जिथल्या तिथं होतं. चूक सापडली नाही. पण एवढी मेमरी कशाला लागते, बंद पत्र्याचं कॅबिनेट कशाला लागतं, निधनाच्या बातम्या कशाला वाचायला लावतात, हे सगळं तिच्या मनात एकापाठोपाठ एक येऊन बसलं, आणि असे खोटे चेहरे बोलते करायलाच ते मशीन नेलं नसेल ना, असा संशय तिला आला.

त्याच आठवड्यात विजयसिंहचा फोन आला.

"ताई, ती जागा ठेवली होती ना, तिथं दुसरं कार्ड बसवायचंय. तसंच. जरा घाई आहे."

"कार्ड न्हाई शिल्लक."

"मागवा ना."

"मला जमायचं न्हाई भैय्या. तुमी दुसरीकडं बघा."

"कावून ताई? काही चुकलं का आमचं?" पहिल्यांदाच तो गावाकडचं बोलला.

"मला न्हाई करायचं ते काम."

तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

दुपारी तिच्या फोनवर त्याच्याकडून एक व्हिडिओ आला. सोबत एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. तिनं तो उघडला. त्यात ती होती. तिच्याच दुकानात, तिच्याच काउंटरमागं, अंगात तिचाच निळा पंजाबी ड्रेस. नाक चोळायची तिची सवयसुद्धा होती. व्हिडिओतली द्वारका हसून म्हणत होती, "हो विजयसिंह भैय्या, उद्या येते. कार्ड घेऊनच येते. तुमचं काम म्हंजी आमचं घरचं काम."

बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. द्वारका फोन हातात धरून उभी राहिली. समोर दोन पोरं कीबोर्ड मागत होती. त्यांचे शब्द तिच्या कानावर पडत होते, पण अर्थ लागत नव्हता. तिनं त्यांना बाहेर काढलं आणि शटर ओढलं.

संध्याकाळी शहादेव ड्युटीवरून आला. त्यानं व्हिडिओ पाहिला आणि खाली बसला.

"यात वाईट काय हाय?" त्यानं विचारलं.

"यात न्हाई. पुढच्यात असंल."

"मग बसवून दे कार्ड. तू काय बॉम्ब बसवायलीस का? मशीन तुझं न्हाई, वापरणारा तू न्हाईस. आपल्याला इथंच राहायचंय द्वारका."

"आन् मी न्हाई बसवलं तर?"

"तर उद्या तू काहीबी बोलशील. माझ्याबद्दल, आबांबद्दल, देवाबद्दल. मी कुणाकुणाला सांगत फिरू, ही माझी बायको न्हाई म्हणून?"

शहादेव भित्रा माणूस नव्हता. बसमध्ये दारुड्यांना एकटा खाली उतरवायचा. पण याच्यापुढं काय करावं हे त्याला उमगेना. तो कपाळाला हात लावून बसला.

बायडाबाई दारातून सगळं ऐकत होती. तिनं फोन मागितला, लांब धरून पाहिला. "हे कधी बोललीस?"

"बोललेच न्हाई आई."

"तूच हाईस की."

"मी न्हाई. ते मशीननं केलंय. मीच बांधून दिलेल्या मशीननं."

बायडाबाईनं परत पाहिला. मग लेकीकडं पाहिलं, परत फोनकडं. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला. "म्हंजी इमल..." एवढंच म्हणून ती थांबली, आणि तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून माय-लेकी विमलबाईच्या गावाला गेल्या. बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. हंगामामुळं घरांना कुलपं, मागं राहिलेली म्हातारी माणसं ओट्यांवर. विमलबाई घरात अंधारात बसली होती. बायडाबाईला पाहून तिचा नवरा बजरंग आडवा आला.

"आता काय राहिलं बोलायचं? फोनवर बोललात ते बास न्हाई झालं?"

"येऊ द्या त्यांला," आतून विमलबाई म्हणाली.

बायडाबाई जाऊन विमलबाईचे हात धरून बसली. द्वारकानं आपला व्हिडिओ दाखवला, सगळं सांगितलं. मशीनचं, कार्डाचं, त्या खोलीचं. विमलबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडं बी आले व्हते ते दोघं, विजयसिंह आन् बंकट. दिवाळीच्या आधी. बायांच्या कामाची माहिती गोळा करायची म्हणून माझं बोलणं घेतलं. लई वेळ घेतलं. मला बरं वाटलं, कुणीतरी इचारतंय म्हणून."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "पोरी, खरं सांगू? रोज ते ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, कवा तरी रागात मीच बोलले आसंल. ध्यानात न्हाई ऱ्हायलं आसंल."

हे ऐकून मघाशी आडवा आलेला बजरंग भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

फडावरच्या बायकांना फोनवरून सांगून उपयोग नव्हता. नवा व्हिडिओ पाठवला तरी तोही खोटाच म्हणणार. मग शहादेवनंच सुचवलं, की आपणच जाऊन समोरासमोर सांगू. त्यानं रजा टाकली आणि विमलबाईला घेऊन ती चौघंजणं एसटीनं ऊसपट्ट्यात गेली. टोळ्या ज्या कारखान्यांच्या हद्दीत होत्या तिथं फडाफडावर हिंडली. बायका मोळ्या बांधता बांधता विमलबाईकडं बघायच्या आणि पाठ फिरवायच्या. एकीनं तर कोयता जमिनीत रोवला आणि म्हणाली, "ढोरांकडं कशाला आलीस?"

द्वारका पुढं झाली. स्वतःचा व्हिडिओ दाखवला, मग त्याच्या शेजारी आपला चेहरा धरला. "हे मी बोलले न्हाई. माझी आई इथं उभी हाय, तिला इचारा." बायडाबाई पुढं आली. तिला तिथं सगळ्या ओळखत होत्या. तिनं सांगितलं की तिनं स्वतः विमलला शिव्या घातल्यात आणि त्या परत घ्यायला ती इथवर आलीय.

कुणी मानलं, कुणी नाही. छबुबाई नावाच्या एका म्हातारीनं जवळ येऊन विमलबाईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "ही खरी हाय," ती म्हणाली, आणि विमलबाईला फडातच हुंदका आला. पण एक तरुण बाई मागून म्हणाली, "आज हे खोटं म्हणता. उद्या तुमी खरंच काही बोललात, तरी खोटंच म्हणाल." तिचं चुकत होतं असं म्हणता येईना.

परत आल्यावर द्वारका आणि विमलबाईनं पोलिसांत तक्रार दिली. चौकशी झाली. मांजरसुंब्याच्या त्या माडीवर पोलीस गेले तेव्हा खोली रिकामी होती. भिंतीवर फोम ओरबाडून काढल्याचे डिंकाचे डाग तेवढे राहिले होते. मशीन आपण केव्हाच विकून टाकलं, कुणाला ते आठवत नाही, असं विजयसिंहनं सांगितलं. बिल दाखवलं तर म्हणाला, हो, गेम खेळायला घेतलं होतं.

विमलबाई निवडणूक हरली. ज्या फडांवर ती स्वतः जाऊन आली होती तिथल्या बायका मतदानाला आल्या आणि बहुतेकींनी तिलाच मत दिलं, असं बायडाबाई ठासून सांगते. जिथं जाता आलं नाही तिथं व्हिडिओच खरा राहिला.

निकालानंतर एकदा विजयसिंह गल्लीतून चालत गेला. दुकानासमोर थांबला, हात जोडले. "नमस्कार ताई. ते दुसरं कार्ड बसलं बरं का. पुण्यातून आणलं. छान चालतंय." बंकट मागं उभा होता. द्वारकानं काउंटरवरचा हात मागं घेतला.

मशीन विकलं म्हणून सांगणाऱ्या माणसाचं हे बोलणं तिनं त्याच दिवशी पोलिसांना कळवलं. त्यांनी लिहून घेतलं.

दुकान चालू आहे. पोरं येतात, पण पूर्वीसारखी गर्दी नसते. बंकट कधीकधी समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला असतो, म्हणून असेल. आता कार्ड मागणाऱ्याला द्वारका खोदून खोदून विचारते आणि समोरच्याचं उत्तर पटलं नाही तर माल नाही म्हणून सांगते. शहादेवनं लांबचा रूट सोडून जवळचा मागून घेतला.

बायडाबाईचा फोनवरचा विश्वास पार उडाला आहे. द्वारकानं फोन करून "डाळ शिजायला टाक" एवढं सांगितलं तरी ती चपला घालून दुकानात येते आणि विचारते, "तूच केलतास ना?" द्वारका हो म्हणाली की परत जाते. आधी द्वारकाला हसू यायचं, मग चीड यायची. पुढं सवय झाली.

परवा दुपारी बायडाबाई अशीच आली. उन्हानं चेहरा लाल झालेला. पायरीवर उभी राहूनच तिनं विचारलं, "आत्ता तूच केलतास ना?"

द्वारका एका जळक्या एसएमपीएसचे स्क्रू काढत होती. तिनं मान वर केली. "न्हाई. मी न्हाई केला."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"काय म्हणले मी?" द्वारकानं विचारलं.

"म्हणलीस, आई, घरीच हाईस ना? एकटीच हाईस ना? मग दार उघडंच ठेव, मी माणूस पाठवतेय."

द्वारकानं हातातला पेचकस खाली ठेवला. आईला आत ओढून खुर्चीवर बसवलं, शहादेवला फोन लावला. तो उचलेपर्यंत तिला आठवलं की शहादेवलाही नुसत्या आवाजावर खरं वाटणार नाही. "घरी जाऊ नका," ती म्हणाली, "आधी दुकानात या. मला डोळ्यांनी बघा, मग बोलू." पलीकडून बसची घंटी ऐकू आली, मग तो म्हणाला, "येतो."

तो आल्यावर तिघांनी मिळून घरी जाऊन पाहिलं. बायडाबाईनं निघताना लावलेलं कुलूप होतं तसं होतं. आत सगळं जागच्या जागी होतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, एक धिप्पाड माणूस येऊन दार ढकलून गेला, पाणी मागितलं, पिऊन गेला. नाव सांगितलं नाही.

पोलिसांत दुसरी तक्रार दिली आहे. बायडाबाई आता दिवसभर दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला बसते, आणि दारात कुणीही उभं राहिलं की आधी त्याच्या तोंडाकडं बघते.